शेवंती घोडी रिकामी परत आल्याबाबत

दिनांक १२/१२/२०२४, गुरुवार

जबाब देणार : सुहास भागोजी मायंगडे, वय ५३ वर्षे, धंदा शेती, घोडेपालन व पाहुण्यांच्या राहण्याची सोय, शिक्षण नववी, रा. खालचीवाडी, गणपतीपुळे मार्ग, ता. जि. रत्नागिरी.

मी आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी सौ. सीता हिच्यासह राहतो. समुद्राला लागून आमची अडीच एकर जमीन आहे. तीत माड, थोडी आंब्याची कलमे, तीन घोड्या, एक घोडा व पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. घोड्यांचे काम मला कोणी शिकवलेले नाही. पुस्तके आणून, पडून व लाथा खाऊन शिकलो. आज जिल्ह्याबाहेरचे लोक मला फोन करून विचारतात. हेही लिहून घ्यावे.

तक्रारदार श्री. हर्षद टिपणीस, रा. ठाणे, यांनी आज अर्ज दिला आहे की माझ्या शेवंती नावाच्या घोडीने त्यांच्या पत्नी सौ. मृणाली यांना पाडले, त्या बेपत्ता आहेत, व घोडी बुजरी असल्याचे मी स्वतः कबूल केले. मी तसे बोललो हे खरे आहे. जे बोललो ते खरे नाही. त्याचा खुलासा पुढे करतो. आपण सुरुवातीला 'घोडा' असे लिहिले होते, ती घोडी आहे. ती दुरुस्ती माझ्यासमोर झाली.

दिवाळीनंतर भात झोडून झाले, पेंढ्याच्या उडव्या रचल्या की आमच्याकडे पाहुण्यांचा हंगाम लागतो. यंदा थंडी लवकर पडली. सकाळी वाळू गार व घट्ट असते, घोड्यावर बसायला शिकवायला हेच दिवस चांगले. मृणाली मॅडम महिन्याच्या सुरुवातीला एका बॅगेसह एकट्या आल्या. खोली चार दिवसांसाठी घेतली होती, मग वाढवत गेल्या. घोड्यावर बसायला शिकायचे म्हणाल्या.

लगाम धरणाऱ्याचा हात मी आधी बघतो. त्यांचे डावे मनगट पुरते वळत नव्हते. मी विचारले, "मॅडम, पडलात काय कुठे?" त्या म्हणाल्या, "घोड्यावरून नाही." मी पुढे विचारले नाही.

त्या हुशार होत्या. खरारा स्वतः करायच्या. शेवंतीशी त्यांचे जमले. आठवड्यात दुडक्या चालीवर तोल धरला. वरच्या देवळापर्यंत व परत असे मी त्यांना एकटे सोडू लागलो.

परवा मंगळवारी मला एका गृहस्थाचा फोन आला. शिकवण्याचे विचारत होते. म्हणाले, "बायकांना जमतं का हो हे? की नुसते फोटो काढतात?" मला ते लागले. मी म्हणालो, "जमतं का म्हणजे? ठाण्याच्या एक मॅडम आहेत आत्ता, मृणाली म्हणून, येऊन बघा कशा बसतात." ते "वा, वा" म्हणाले व फोन ठेवला. हे मी घरात जेवताना सांगितले तेव्हा सीताने ताट सरकवले. म्हणाली, "तुमच्या पोटात काय राहातं काय कधी?" कशाबद्दल म्हणते ते तिने तेव्हा सांगितले नाही, कारण मृणाली मॅडमनी तिला शपथ घातली होती.

आज दुपारी मॅडम शेवंतीवर बसून वर देवळाकडे गेल्या. चारनंतर अंगणात पांढरी मोटार आली. तक्रारदार उतरले. वयाने माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असतील, पण मला काका म्हणत होते. "जागा छान ठेवलीय काका. मृणालीला सांगू नका हं, सरप्राइज आहे." आवाजावरून फोनवरचे गृहस्थ तेच हे मी ओळखले. माझा नंबर पत्नीच्या जुन्या मोबाइलमध्ये सापडला असे त्यांनी आपणहून सांगितले. मी त्यांना पडवीत बसवून चहा दिला.

घरात मार्गशीर्षातल्या गुरुवारची मांडणी होती. सीता दाराशी येऊन म्हणाली, "अहो, जरा आत या. कलश सरकलाय."

मी म्हणालो, "तूच बसव ना सरळ. पाहुणे आलेत."

ती तशीच उभी राहिली. मी गेलो नाही.

येथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे. खालचीवाडीतून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जाणाऱ्या रस्त्यात ग्रामदेवतेचे देऊळ आहे. त्यासमोरून कोणी बसून जात नाही. मोटारसायकलवालासुद्धा उतरून गाडी ढकलत नेतो. माझ्या घोड्या तेथे आपणहून थांबतात व स्वार उतरल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. उतरल्यावर रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, पट्ट्यावरून वर सरकवायच्या, म्हणजे त्या घोडीच्या पोटावर आपटत नाहीत, हे मी प्रत्येक पाहुण्याला शिकवतो. देवळाच्या पारावरून माझे अंगण, पडवी व अंगणात उभे असलेले वाहन स्पष्ट दिसते.

चहा संपायच्या आत शेवंती एकटी गेटातून आली. तक्रारदार उठले व मोठ्याने म्हणाले, "पाडलं ना! काका, तुमच्या जनावरानं माझी बायको मारली."

मला तो शब्द सहन झाला नाही. मी त्यांना हाताला धरून घोडीजवळ नेले. "हे बघा. रिकिबी वर. लगामाला गाठ, ती माझीच शिकवलेली. मॅडम देवळाशी स्वतः उतरल्यात. शेवंतीने आजवर कोणाला पाडलेले नाही."

तक्रारदार हसले. म्हणाले, "थँक्यू काका." आणि मोटारीकडे गेले.

सीता बाहेर आली होती. ती म्हणाली, "सांगून मोकळे झालात? त्या बाईचं मनगट ह्यानं मोडलंय. जावा आता, त्याच्या आधी पोचा."

देवळाकडे मोटारीचा रस्ता खाडीच्या बाजूने वळसा घालून जातो. मी शेवंतीवर बसून बागेतल्या पायवाटेने सरळ वर गेलो. चढाला मी घोडी कधी पळवत नाही. आज पळवली. मृणाली मॅडम मला भेटल्या. कोठे भेटल्या, त्यांच्यासोबत कोण होते व आत्ता त्या कोठे आहेत, हे मी आपणास तोंडी सांगितले आहे. ते या कागदावर येऊ नये अशी विनंती, कारण तक्रारदार नक्कल मागणार आहेत.

मला बघून त्या पहिले म्हणाल्या, "शेवंतीला घाम आलाय. फिरवा तिला."

मी म्हणालो, "मॅडम, तो फोन माझ्याकडे आला होता. मीच सांगितलं."

त्या म्हणाल्या, "पोलिसांना मी सगळं सांगेन. त्याच्यासमोर नाही. तो बाहेर बसला असला तरी नाही जमणार मला."

मी घोडी घेऊन देवळासमोर आलो, तोच मोटार आली. तक्रारदारांनी काच खाली करून विचारले, "कुठंय ती?"

मी म्हणालो, "दिसल्या नाहीत." हे मी खोटे बोललो, तसे लिहून घ्यावे.

ते म्हणाले, "मघाशी तर छातीठोक सांगत होतात, स्वतः उतरली म्हणून."

मी म्हणालो, "रिकिबींचं उगाच बोललो, साहेब. धंद्याचा प्रश्न असतो. घोडी बुजरी आहे. याआधीही पाडलंय तिने. वर सड्यावर कुठेतरी पडल्या असतील, तिकडे बघा."

शेवंती माझ्या शेजारी उभी होती.

तक्रारदारांनी अंधार पडेपर्यंत सडा धुंडाळला व नंतर येथे येऊन अर्ज दिला. मला बोलावणे आल्यावर मी लगेच आलो. तेव्हापासून ते बाहेरच्या बाकावर बसले असून हा जबाब चालू असताना दोनदा दार ढकलून "काका काय म्हणतात?" असे विचारून गेले आहेत.

खरी परिस्थिती अशी की शेवंती शांत घोडी आहे व तिने मॅडमना पाडलेले नाही. मॅडम जिवंत आहेत, चालत्या-बोलत्या आहेत व आपल्या मर्जीने दूर थांबल्या आहेत. त्यांना आणायला साध्या वेषातील महिला पोलीस पाठवाव्यात. जीप नेऊ नये, पांढरी मोटार मागे लागेल. वाट दाखवायला सीता येईल. मी गेलो तर तक्रारदारांना कळेल, म्हणून मला येथेच बसवून ठेवावे. रात्रभर बसवले तरी माझी तक्रार नाही.

मॅडम सुखरूप येईपर्यंत तक्रारदारांचा समज आहे तसाच राहू द्यावा. त्यांनी बाहेर माझ्या घोडीबद्दल काहीही सांगितले, तरी आज मी ते खोडून काढणार नाही. उद्या कोणी माझ्याकडे पाहुणा म्हणून आले नाही तरी चालेल.

वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे. तो मला दार लावून, माझ्या विनंतीवरून हळू आवाजात वाचून दाखवला. शेवटचे दोन परिच्छेद मोठ्याने न वाचता मी स्वतः डोळ्यांनी वाचले. ते बरोबर आहेत.

सही
(सुहास भागोजी मायंगडे)