फिल्टरची बाजू वर

(मे महिन्यातली शनिवारची सकाळ. मिनेसोटातल्या एका गावात, चर्चच्या कबरस्तानासमोरच्या घराचं गॅरेज. ऑर्विन खुर्चीत, उजवा हात गळ्यात बांधलेला. त्याची बायको अर्डिस गवत कापायच्या मशीनपाशी जमिनीवर, गुडघ्यांखाली उशी.)

अर्डिस : साडेसातला पहिल्यांदा दोरी ओढली. भकाभका धूर आला, दोन आचके दिले आणि गप्प. तेव्हापासून नुसती दोरी ओढतेय. आता तू सांग.

ऑर्विन : धूर काळा की पांढरा?

अर्डिस : रंग बघायला थांबले नाही. खोकत बाहेर पळाले.

ऑर्विन : वास कसला होता?

अर्डिस : जळक्या तेलाचा.

ऑर्विन : फिल्टरचं झाकण उघड. एकच स्क्रू आहे. डावीकडे फिरव. तुझ्या डावीकडे. काय दिसतंय?

अर्डिस : कागदाच्या घड्या. काळ्या, चिंब.

ऑर्विन : अर्डिस, तू काल मशीन आडवं केलंस.

अर्डिस : केलं. तू गोळी घेऊन घोरत होतास. मशीनच्या पोटाला मागच्या वर्षीचं गवत चिकटून नुसता लगदा झाला होता. म्हटलं, खरवडून ठेवावं, जागा झाल्यावर तुला बरं वाटेल.

ऑर्विन : कुठल्या कुशीवर?

अर्डिस : माझा बरा गुडघा टेकवता येतो त्या.

ऑर्विन : म्हणजे फिल्टर खाली. फिल्टरची बाजू नेहमी वर ठेवायची. चाळीस वर्षं हेच सांगत आलोय.

अर्डिस : कोणाला सांगत आलायस? मला तर चाळीस वर्षं याला हात लावू दिला नाहीस. खांद्याचं ऑपरेशन झालं म्हणून आज माझी वर्णी लागली.

ऑर्विन : इंजिनातलं ऑइल फिल्टरमध्ये उतरलं. थोडं सिलिंडरमध्येही गेलं असणार.

अर्डिस : मेलं का मग?

ऑर्विन : नाही. पोट बिघडलंय.

अर्डिस : तर औषध सांग लवकर. लाइल यायचाच आहे. आपलं मशीन चालू दिसलं नाही तर तो त्याचं बसून चालवायचं मोठं धूड घेऊन कबरस्तानात शिरेल. आणि त्याला अडवणार कसं? परवा मेमोरियल डे. सगळं गाव फुलं घेऊन येणार, गवत कोणीतरी कापायलाच हवं.

ऑर्विन : आईच्या ओळीत ते मशीन येणार नाही.

अर्डिस : मला कशाला सांगतोस? त्याला सांग.

ऑर्विन : त्याला माहीत आहे.

अर्डिस : सहा वर्षं माहीत आहे. त्या मशीनने आईंच्या कबरीच्या दगडाचा कोपरा उडवला, तो बोलला नाही. तूही बोलला नाहीस. दर रविवारी एका बाकावर बसून, एकाच पुस्तकात बघून गाणी म्हणता.

ऑर्विन : दगड वीतभर उंच आहे. वर बसून चालवणाऱ्याला दिसत नाही. म्हणून तर आमची ओळ मी चालत कापतो. प्लगवरची वायर काढ. आता पाना लाव. सावकाश.

अर्डिस : आला. हाही तेलात न्हालाय.

ऑर्विन : पुसून बाजूला ठेव. आता प्लगच्या भोकावर फडकं धर आणि दोरी ओढ. आत साठलेलं ऑइल बाहेर पडेल. फडकं नीट धर हं.

अर्डिस : धरलंय.

ऑर्विन : नीट धर म्हणालो होतो.

अर्डिस : हसू नकोस. नाकावर उडालंय का?

ऑर्विन : नाकावर, कानावर आणि चर्चच्या सहलीच्या टीशर्टवर. अजून ओढ. फडक्यावर काही येईनासं झालं की बास.

अर्डिस : झालं कोरडं. आणि हा फिल्टर? पेट्रोलने धुऊ?

ऑर्विन : कागद आहे तो, सतरंजी नाही. नवाच लागेल.

अर्डिस : दुकानात जाऊन येईपर्यंत लाइल निम्मं कबरस्तान उरकेल. फिल्टरशिवाय चालवलं तर?

ऑर्विन : पाऊस नाही किती दिवस. धूळ थेट आत जाईल आणि इंजिन घासून निघेल. एका दिवसासाठी मी त्याचा जीव घेणार नाही.

अर्डिस : मग आला बघ तुझा यमदूत. ट्रक वळला. मागे धूडही आहे.

लाइल : काय मग, ऑर्विन. अर्डिस. हवा बरी आहे.

ऑर्विन : वाईट नाही.

लाइल : दुपारी वारा सुटेल म्हणतात.

ऑर्विन : सुटेल.

लाइल : तेलाचा वास येतोय. कोणी आडवं केलं होतं वाटतं, उलट्या बाजूला.

ऑर्विन : मी केलं.

लाइल : एका हाताने?

ऑर्विन : एका हाताने.

लाइल : हं. तसं म्हटलं तर फिल्टर आहे माझ्याकडे. याच मशीनचा, नवा. ट्रकच्या खणात पडलाय.

ऑर्विन : छे छे, कशाला. तुला लागेल.

लाइल : मला नाही लागत. घे की.

ऑर्विन : नको, राहू दे. आम्ही बघतो काहीतरी.

लाइल : बरं. मग मी माझं मशीन उतरवून घेतो.

अर्डिस : निघाला की हा.

ऑर्विन : दोनदाच विचारलं त्याने.

अर्डिस : मी मोजत होते.

ऑर्विन : तिसऱ्यांदा विचारल्यावर घेणारच होतो. जगात कोणीही तीनदा विचारतं. त्याच्या बापाने चारदा विचारलं असतं.

अर्डिस : लाइल, तो फिल्टर आण इकडे. आणि तुझं मशीन आहे तिथेच राहू दे.

ऑर्विन : अगं, त्याने तिसऱ्यांदा विचारलं कुठे?

अर्डिस : मी नखशिखांत तेलात आहे. मला वाट बघायला वेळ नाही.

लाइल : विचारणार होतो मी. ट्रकपर्यंत जाऊन परत येणार होतो. हा घे. घड्या बाहेरच्या बाजूला.

अर्डिस : बसला. झाकण लावलं, प्लग लावला, वायर खोचली. आता ओढू?

ऑर्विन : आधी ऑइल बघ. काडी पुसून घाल, परत काढ. दोन रेघांच्या मध्ये आहे का?

अर्डिस : खालच्या रेघेच्याही खाली.

ऑर्विन : थोडं घाल. आणखी थोडं. बास. आता ओढ.

लाइल : लागलं.

अर्डिस : अरे देवा, केवढा धूर हा. बंद करू?

ऑर्विन : नको. आत राहिलेलं तेल जळतंय, जळू दे.

लाइल : पांढरा धूर चर्चवरून चाललाय. पास्टरला वाटेल, आपण कॅथलिक होऊन पोप निवडला.

अर्डिस : निवळला बघ. आवाजही सुधारला. चला, मी जाते आता.

लाइल : त्या गुडघ्यांवर? दे इकडे. मी ढकलतो.

ऑर्विन : नको, कशाला.

लाइल : माझं मोठं मशीन ट्रकवरच बरं आहे. तुमच्या ओळीत ते नीट वळत नाही.

ऑर्विन : नाही वळत.

लाइल : हं. येतो जाऊन.

अर्डिस : गेला. तोंड मिट आता.

ऑर्विन : कुठून सुरू केलं? मला ऊन डोळ्यावर येतंय.

अर्डिस : फाटकाकडून. सरळ रेषेत चाललाय, तुझ्यापेक्षा सरळ.

ऑर्विन : पहिल्या ओळीत कोणीही सरळ चालतं.

अर्डिस : सैनिकांच्या कबरी झाल्या. आता वळून आपल्या ओळीत आला.

ऑर्विन : आवाज थांबला.

अर्डिस : हो.

ऑर्विन : बंद पडलं. झाकण नीट बसलं नसणार. स्क्रू घट्ट केला होतास ना?

अर्डिस : बंद पडलं नाही. त्याने केलं. आईंच्या दगडापाशी.

ऑर्विन : आणि?

अर्डिस : गुडघ्यांवर बसलाय. दगडाच्या कडेचं गवत हाताने उपटतोय.

ऑर्विन : हाताने?

अर्डिस : एकेक काडी. परत दोरी ओढायला मी जाऊ का?

ऑर्विन : राहू दे. इंजिन जरा निवू दे.