मध्यंतरापर्यंतचा सम्राट

— नाही नाही, बसा, या बाकावर कोणाची जागा नाही. माझा मफलर आहे, उचलतो. तुम्हीही त्या चिनी सिनेमालाच आलात न? मग मला एक सांगा — तुमचे डोळे तरुण आहेत, मला पडद्याखालची इंग्रजी अक्षरं अर्धी सुटतात — तो म्हातारा सम्राट डोंगरावरच्या मठात गेला, तो स्वतःहून गेला की त्याला पाठवलं? पाठवलंच न? मला वाटलंच. म्हणजे वाटलं, पण खात्री नव्हती. माझी कशाचीच नसते. एकतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, तरी घराचं कुलूप तीनदा ओढून पाहतो.

पण काय शिताफी त्या राणीची! 'हिवाळ्याची पूजा तुमच्याच हातून व्हावी' म्हणाली, झग्याचे बंद स्वतः बांधले, पालखीपर्यंत सोडायला आली — आणि इकडं महालात धाकट्याला गादीवर बसवायची तयारी! म्हाताऱ्याला वरून दिवे दिसतात, ढोल ऐकू येतात, तरी विचारतो काय, तर आज कोणता सण? मी मोठ्यानं हसलो हो. पुढच्या बाईंनी वळून पाहिलं. आपल्याकडे काय कमी झालंय? वऱ्हाडच्या इमादशाहीत वजिरानं कोवळ्या सुलतानाला नरनाळ्याच्या किल्ल्यावर कोंडलंच होतं — पण तो वजीर, घरचा नव्हे. असं आत बसून मनाशी म्हणता म्हणता माझा हात गळ्याशी गेला. या मफलरशी. निघताना नातीनं बांधला. प्राजक्ता तिचं नाव. 'आजोबा, एसीत सर्दी होते तुम्हाला.' तिकीटही तिनंच काढलं — 'अमरावतीत एकच खेळ आहे, चुकवू नका.' एकच तिकीट, बरं का. दर वेळी दोन असतात, ती शेजारी बसते.

आता सकाळपासूनचं आठवून पाहा — म्हणजे मी पाहतो. फ्रिजमध्ये पेढ्यांचे खोके. सूनबाई पहाटेपासून पैठणीला इस्त्री करतेय. मुलानं, नितेशनं, माझा फोन चार्जिंगला ठेवून घेतला — 'बाबा, सिनेमा सुटला की दारातच थांबा, मी येतो, रिक्षा करू नका.' एवढे पुरावे समोर, आणि इतिहासाचा प्राध्यापक पॉपकॉर्न खात बसला! मघाशी कॅन्टीनवाल्याचा फोन मागून घरी लावला. उचलला सुभद्रानं, भातकुलीहून फुलं आणून देते ती. तिला आवाज ओळखू आला नाही, पाव्हण्यांतलं कोणी वाटलं. म्हणते, 'प्राजूचं साक्षगंध हाय न आज, पोरीले कुंकू लावून राहिले पावणे. तुमी अजून निंगालेच नाही काय?'

माझ्या नातीचा साखरपुडा! राँग नंबर म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार?

आमच्या घरात नवरदेवाला पहिला टिळा थोरल्यानं लावायचा असतो. थोरला मी. आज कोणी लावला असेल? — तुम्ही असं पाहू नका. म्हणाल, घरचे उगाच कशाला असं करतील. उगाच नाही करत. मागच्या उन्हाळ्यात हिवरखेडचं स्थळ आलं होतं. चांगली माणसं. मुलाचे मामा मला सहज म्हणाले, सर, पोरीले काही दुखणंबिखणं? आणि मी सांगून टाकलं — की मध्ये वर्षभर तिचं मन ठिकाणावर नव्हतं, झोप नव्हती, अकोल्याच्या डॉक्टरचं औषध चालू होतं. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. फक्त मला. अकरा महिने मीच तिला एसटीनं अकोल्याला नेत होतो, घरी सांगायचो जुने कागद पाहायला चाललो, नात सोबतीला आहे. अकरा महिने खोटं बोललो, बरं का, अडखळलो नाही एकदाही! मग त्या मामांसमोरच खरेपणा कुठून आला? म्हटलं, पुरावा लपवणं पाप आहे. नितेशलाही हेच सांगितलं. पण पोरगी लग्न होऊन गेली असती, तर मला सिनेमातल्या या अक्षरांची मराठी कोण करून सांगणार होतं, हेही — जाऊ द्या. स्थळ मोडलं. दुसऱ्या दिवशी तिनं चहा आणून दिला, साखर बरोबर. मला वाटलं, माफ केलं.

रिक्षानं दहा मिनिटांवर घर आहे. पाव्हणे अजून जेवत असतील. जाऊन उभा राहू शकतो दारात — तो सम्राट उतरतो का हो शेवटी डोंगरावरून? नका, सांगू नका. उतरला तरी त्याला पाहून राणीचा चेहरा कसा होईल, ते मला कळतंय.

घंटा झाली वाटतं. मला आत बसलं पाहिजे, शेवटपर्यंत. प्राजू विचारेल न, कसा होता सिनेमा — तर छान होता म्हणायचं, सगळा पाहिला म्हणायचं, आणि पेढा पुढं केला की विचारायचं, कशाचा गं? तेवढं जमलं पाहिजे मला आता.

तुम्ही व्हा पुढं. आणि हे बघा — आत आपली ओळख नाही. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. तिथं बसू नका.