बाकड्यासाठी संपादकांना पत्र

...आणि वर मलाच म्हणते कशी, "आजी, विषयाच्या जागी 'तुमचं डोकं ठिकाणावर आहे काय' असं लिहायचं नसतं!" आता मला सांगा, का नसतं? विषय तोच आहे ना? मग दुसरा कुठला लिहू, लोणच्याच्या कैऱ्यांचा? तर ही मोनाली, माझी नात, यंदा दहावीला, डोळे असे वर फिरवते आणि म्हणते, "फॉर्मल असतं ते, आजी!"

फॉर्मल! अहो, महिनाभर हा एकच शब्द खाते आहे मी. सकाळी चहाबरोबर फॉर्मल, रात्री भाताबरोबर फॉर्मल.

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी मधूनच सुटली. आमच्या कोपरखैरण्याच्या बस स्टॉपवर एक बाकडं होतं. होतं म्हणजे काय, चांगलं दगडी, तिघी बसतील एवढं, एका टोकाला टवका उडालेला, पण उन्हाळ्यात गार. गेल्या दिवाळीआधी कुठला तरी ठेकेदार आला सुशोभीकरणाला. भिंती रंगवल्या, कुंड्या मांडल्या आणि बाकडं उचलून नेलं. त्या जागी काय बसवलं, सांगा बघू? फ्लेमिंगो! पत्र्याचा, गुलाबी, माझ्यापेक्षा हातभर उंच, एका पायावर उभा! खाडीत खरे येतात ते कमी पडले, म्हणून हा स्टॉपवर. आता तो काय बसची वाट बघतोय का? त्याला काय वाशीला उतरायचंय?

मी नसतं मनावर घेतलं. मी काय, अजून खणखणीत आहे, उभी राहीन दोन तास आणि कंडक्टरशी भांडायला वर ताकद उरेल. पण आमची रंगूबाई! बोनकोड्याची, इथली मूळची. मी खटावकडून नवऱ्यामागं इथं आले तेव्हा हिच्याच घरात भाड्यानं खोली घेतली. शहाजीराव मार्केटात पाठीवर पोती वाहायचे, मी कांदा निवडायला जायची, आणि माझं पोर हिच्या ओटीवर वाढलं. त्या रंगूबाईचे गुडघे गेले. दिवसाआड वाशीच्या दवाखान्यात शेक घ्यायला जायची, माझ्या सोबतीनं, बसनं. बाकडं गेलं तशी दोनदा आली, तिसऱ्यांदा दारातच बसून राहिली. "मी नाय येत गो सत्या. अर्धा तास उभी रावून गुडघा सुजतंय, मंग शेक घेवाचा कशाला?" रिक्षानं चल म्हटलं तर रिक्षात पाय दुमडत नाही. सून कामाला, पोरगा महाप्याला शिफ्टवर. दोन महिन्यांत बाई ओटीवरून आत गेली, आतून खाटेवर गेली. खाटेवरून माणूस पुढं कुठं जातं, ते मला तुम्ही सांगायला नको.

म्हणून मी ठरवलं, पेपरात लिहायचं. रंगूबाईला बोलले नाही. छापून आलं की नेऊन वाचून दाखवीन म्हटलं, तिला कुठं वाचता येतं?

आणि मला येतं! शाळेचं तोंड न बघता येतं. तुम्हाला सांगते, रेशनकार्डाच्या कचेरीत त्या कारकुनानं माझा अंगठा असा धरला आणि दाबला फॉर्मवर, जसा काही तो त्याच्या टेबलावरचा शिक्का! माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही मेल्यानं. त्या दिवशी ठरवलं, ह्या हाताचा अंगठा पुन्हा कुणाला द्यायचा नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद, फळांच्या पेट्यांतले कागद, सगळे वाचून काढले. अर्ध्या बातम्या वाचल्या मी आयुष्यभर, उरलेल्या अर्ध्या दुसऱ्या कुणाच्या पुडीत गेल्या! पहिला शब्द लिहिला तो 'सत्यभामा'. जोडाक्षरानंच सुरुवात, बोला!

तर बसले लिहायला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, चार महिने भरले, जानेवारी ते एप्रिल. मोनालीनं वाचलं आणि हातातली पेन्सिलच खाली ठेवली.

"आजी, आधी 'प्रति' लिहायचं."

"कुणाप्रति?"

"मा. संपादक."

"त्यांना ठाऊक नाही होय ते संपादक आहेत ते?"

"फॉर्मल असतं ते, आजी!"

मग तारीख. मग विषय. मग 'महोदय'. मी म्हटलं, बाई असली तर? तर म्हणाली 'महोदय, तिरकी रेघ, महोदया'. म्हणजे घरात कोण आहे ते न बघताच दोन्ही नावांनी हाका मारायच्या! आणि शेवटी काय, तर 'आपली विश्वासू'. आता त्या माणसाची माझी ओळख नाही, देख नाही, मी त्याची विश्वासू कधीपासून? विश्वास त्यानं ठेवायचा की मी? शहाजीरावांना चाळीस वर्षांत एकदा लिहिलं नाही मी 'आपली विश्वासू'!

त्यात वरच्या मजल्यावरचे मधुकरराव आले. रिटायर कारकून, तीस वर्षं मंत्रालयात टिपण्या केलेल्या. लेंग्याची नाडी सावरत बसले आणि म्हणाले, "वहिनी, असं आततायी लिहू नका. 'सविनय' घाला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' घाला. कागद कसा, हळूहळू चढत गेला पाहिजे." आणि चढवला की हो त्यांनी! 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय सादर करण्यात येते की, सदर परिसरातील ज्येष्ठ नागरिकांच्या आसनव्यवस्थेच्या अनुपलब्धतेच्या अनुषंगाने...' मी ऐकतेय, ऐकतेय, पोळी तव्यावर करपली, तरी पहिलं वाक्य संपेना!

मी म्हटलं, "भावजी, ह्यात बाकडं कुठंय?"

"येईल ना. परिच्छेद तीनमध्ये."

"आणि रंगूबाई?"

"तिला आपण 'संबंधित व्यक्ती' केलंय."

झालं! म्हणजे ठेकेदारानं तिला स्टॉपवरून उठवलं, आणि ह्यांनी कागदावरूनही उठवलं! मी सांगितलं, चहा प्या, बिस्कीट घ्या आणि तुमचे परिच्छेद वर घेऊन जा. हसले बिचारे. माणूस चांगला आहे, फक्त आत कागद भरलाय.

आता पुढची गंमत. पेपरात चौकट असते, पत्र दीडशे शब्दांत हवं! माझे चार महिने, आणि त्यांना दीडशे शब्द! मोनाली बोटानं मोजायला बसली. आधी ठेकेदाराच्या खानदानाबद्दल लिहिलं होतं ते गेलं. जीव तुटला हो, चांगले सतरा शब्द होते! मग भिंतीवरच्या रंगाबद्दलचं गेलं. मग 'आमच्या वेळी'नं सुरू होणारं सगळं गेलं, त्यातच जवळजवळ फेब्रुवारी संपला. शेवटी उरलं काय? स्टॉप कुठला, बाकडं कधी नेलं, रंगूबाईचा दवाखाना का बंद झाला, आणि खाली माझं एक वाक्य. ते ऐका: 'फ्लेमिंगोला दोन पाय असून तो एकावर उभा राहतो, ही त्याची हौस आहे, आम्हाला दोन पाय असून दोन्हींवर उभं राहवत नाही, हे आमचं वय आहे.'

मोनाली म्हणाली, हे नको, हे फॉर्मल नाही. मी म्हटलं, हे जाणार नाही. 'आपली विश्वासू' मी गिळलं, आता हे तुम्ही गिळा!

मग तिनं मोबाइलवर पत्र उतरवलं. सरळ, सुंदर, शाळेत शिकवतात तसं. मी चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. 'आपली विश्वासू' पर्यंत आले आणि स्क्रीन संपली. त्याच्या खाली आणखी काय असणार? माझं नावच की! ते काय वाचायचं, ते पाठ आहे. म्हटलं, धाड. पोरीनं बोट दाबलं, सुईं आवाज आला, गेलं.

आठ दिवस रोज सकाळी नाक्यावर पेपर घ्यायला जायचे. त्या पेपरवाल्याला वाटायला लागलं, म्हातारीनं लॉटरी काढलीय. नवव्या दिवशी... आलं! पान चार, वर ठळक मथळा, 'फ्लेमिंगोला जागा, ज्येष्ठांना नाही'. खाली माझं पत्र, शब्दन् शब्द, दोन पाय, एक पाय, हौस, वय, सगळं! तिथंच नाक्यावर उभी राहून वाचायला लागले. वाचत वाचत खाली आले, अगदी खाली, नावावर, आणि तिथं काय छापलंय?

'अ. ब. क., कोपरखैरणे.'

अबक! पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. अबक ते अबकच!

घरी येऊन पेपर मोनालीपुढं आपटला. पोरगी पांढरीफटक. "आजी... अगं... परीक्षेत खरं नाव लिहायचं नसतं. बाई म्हणतात, स्वतःचं नाव लिहिलं की मार्क गेले, पत्राखाली अ. ब. क.च लिहायचं. वर्षभर तेच लिहितोय गं... हात आपोआप तिकडंच गेला..." आणि लागली रडायला. आता हिला काय बोलणार? मीच जवळ घेतली. पण सांगा मला, कसली ही शाळा! मी आयुष्य घालवलं नाव लिहायला शिकण्यात, आणि हिला शिकवतात ते न लिहायला!

रंगूबाईकडं पेपर नेलाच नाही. काय दाखवू, अबक?

पण ऐका तर. पंधराव्या दिवशी टेम्पो आला. फ्लेमिंगो उपटून हातभर बाजूला केला आणि बाकडं बसवलं. नवं कोरं, पाठ टेकायला सुद्धा! आणि मागं फलक. आमच्या सेक्टरात एक धनाजी आहे, निवडणुकीला उभं राहायच्या तयारीतला, सदा पांढऱ्या कपड्यांत. फलक त्यानंच लावला: 'ज्येष्ठ नागरिक मा. श्री. अ. ब. क. साहेब यांच्या मागणीस अनुसरून.' श्री! साहेब!

मी जाऊन उभी राहिले समोर. तर मलाच विचारतो, "आजी, ते अबक साहेब कुठल्या सोसायटीत राहतात ओ? सत्कार करायचाय, शाल आणलीय, नारळ आणलाय, माणूसच सापडत नाय!"

मी म्हटलं, "अरं, ती मीच की!"

"काय आजी, सकाळी सकाळी मस्करी!" हसला, आणि शाल घेऊन पुढच्या सोसायटीत गेला शोधायला. अजून शोधतोय.

मोनाली म्हणते, "आजी, पेपराला खुलाशाचं पत्र लिहूया? त्याचापण फॉरमॅट आहे." मी फक्त बघितलं तिच्याकडं. गेली आत.

काल सोमवार. रंगूबाईला धरून धरून आणली स्टॉपवर. टेकली बाई बाकड्यावर, पाय लांब केले, पिशवी फ्लेमिंगोच्या दुमडलेल्या पायाला अडकवली आणि असा काही श्वास सोडला म्हणता... तीन महिन्यांचा होता तो. मग मान वळवून म्हणते, "सत्या, काय लिवलंय गो ह्या पाटीवर? वाच, तुला येतं."

वाचलं. काय करते? अक्षर अन् अक्षर वाचून दाखवलं.

"अबक साहेब? कोन गो तो? देव त्याचा भला करो! माझ्या गुडघ्याचा त्याला कसा कलला?"

आलं होतं हो, अगदी ओठांवर आलं होतं... पण तेवढ्यात समोरून बस दिसली, आणि तिनं ती जाऊ दिली! म्हणाली, "जाव दे, दुसरी येल. बसू दे जरा."

म्हटलं, "असंल कुणीतरी. फॉर्मल माणूस दिसतोय. सरक तिकडं, मला टेकू दे!"