न्हाणीमागचे टमाटे

हळू, सलाउद्दीनभाऊ, हळू — हात आहे माझा, पऱ्हाटीचं खोड नाही! भरा, हिरव्याच बांगड्या भरा, दोन्ही हात भरून. काय म्हणालात? सण कुठला? सण नाही काही. सण नसला तर बायकांनी मण्याराला घरी बोलावू नये, असं आहे का कुठं? मग? — आणि न्हाणीमागं काय बघताय सारखं? ती लाल? मिरच्या नव्हेत हो, टमाटे आहेत, विलायती वांगी. अख्ख्या कळसाडी गावात आमच्याकडंच. माझा भाऊ नवल खांडबाऱ्याला रेल्वेत आहे ना, तिथल्या गोऱ्या साहेबाच्या बागेतलं बी त्यानं चिंधीत बांधून आणलं. न्हाणीचं पाणी आयतंच जातं तिकडं. मी आपली पानांवर राख मारली, पऱ्हाट्यांचे टेकू दिले — आणि असे लगडले म्हणता! नुसता पाला हाताला लागला तरी वास जाता जात नाही.

पण सासूबाई! आमच्या नानीबाई तुम्हाला ठाऊकच आहेत. एक फळ चिरून पाहिलं, आतून लालभडक निघालं, तर तोंडाला पदर लावून बसल्या. “हाई वांगं नही, मटन शे! इख शे! चुल्हाजवळ आनू नको!” मी म्हटलं, बरं, विष तर विष. मी कधी उलट बोलते का? नाही बोलत. फक्त झाडं उपटली नाहीत. मग एक दिवस त्यांनी लेकालाच फर्मावलं, उपटून टाक सगळं. आमचे हे भर दुपारी शेतातून आलेले, घसा कोरडा. गेले न्हाणीमागं, ते येईनातच. जाऊन बघते तर काय — उपटणं राहिलं बाजूला, एक तोंडात, एक हातात, रस पार कोपरापर्यंत! तेवढ्यात सासूबाई मागून आल्या आणि अशी किंकाळी फोडली — “सुकलाल! काय खाधं रे! आते तू वाचत नही!”

झालं. उधळलेला बैल एकट्यानं धरणारा गडी, पोटावर हात ठेवून ओट्यावर आडवा. पोटात गुरगुरतंय म्हणाले. आता उपाशीपोटी चार-पाच टमाटे खाल्ल्यावर पोट गुरगुरणार नाही तर काय भजन म्हणणार? पण चेहरा पांढराफटक. आईला सांगून झालं, धाकट्या बैलाला कुणाला मारू देऊ नको. सासूबाई छाती पिटताहेत. मग ह्यांनी मला जवळ बोलावलं. हळू बोलले, आईला ऐकू जाऊ नये असं. काय बोलले? ते तुम्हाला कशाला? ...तुम्ही दाबा नीट, सांगते. म्हणाले, “गजरा” — नाव घेतलं माझं, भाऊ! — “गजरा, मी मरी जासू, पन तू बांगड्या फोडू नको. पहाटे तू जातावर बसस ना, त्या वाजतस, तो आवाज माले आवडस. मी जागाच ऱ्हास.” इतकी वर्षं झाली लग्नाला, हा माणूस माझ्याशी ‘वाढ’ आणि ‘पुरे’ यापलीकडं बोललेला नाही. मला वाटायचं, पहाटे घोरतोय! मग भाकरीचं बोलले — दुसऱ्या कुणाच्या हातची घशाखाली उतरत नाही म्हणाले. मी आपली पदरानं वारा घालत ऐकतेय. बोलू दे, म्हटलं, कशाला अडवायचं? मला कुठं काळजी होती, महिनाभर डाळीत चिंचेऐवजी तेच तर —

बघा, फुटली ना बांगडी! काय? डाळीत काय? डाळीत काही नाही... अहो, सासूबाईच म्हणायच्या, यंदानी चिंच भारी शे. मी खोटं बोलले का? मला विचारलंच नाही कुणी. आणि तेव्हा सांगितलं असतं, उठा, काही होत नाही, तर ते उठले असते, भाऊ. उठून शेतात गेले असते. मग भाकरीचं कोण बोललं असतं?

पण सासूबाई असं करतील हे नव्हतं हो डोक्यात. मधेच उठल्या, न्हाणीमागं गेल्या, पदरात टमाटे घेऊन आल्या. “मन्हा लेक चालना, मी कसाले ऱ्हाऊ?” — आणि कचकन चावा घेतला! तेव्हा मात्र मी वारा घालायचं सोडलं. म्हातारी भीतीनंच जायची, आता सांगून टाकते म्हणून धावले. त्यांनी डोळे मिटले. चावलं. गिळलं. पुन्हा चावलं. मग एक डोळा उघडून म्हणतात कशा — “मीठ आन व.”

आणलं मीठ. मरायला बसलेली आई एकामागून एक खातेय, आणि मरणारा लेक पडल्या पडल्या बघतोय! जरा वेळानं त्यानं हळूच विचारलं, भाकरी झाली का.

तेव्हापासून सासूबाईंना रोज चुलीत भाजून, लसूण-मिरचीशी ठेचून लागतात. हे मात्र पुन्हा मुके. माझ्याकडं नजर गेली की मान खाली. लाजतात हो! म्हणून म्हटलं, आपण तरी कशाला बोलून दाखवायचं, त्यापेक्षा पहाटे बांगड्याच जरा जास्त वाजू देत —

तुम्ही हसताय काय माझ्या मागं बघून? कोण आहे दारात... अगोबाई! कधी आलात? कधीपासून उभे आहात? ...मरणाचं ऐकलंत? ...डाळीचं? डाळीचंसुद्धा? ...अहो, रागवायचं तर रागवा, असे बघत काय राहिलात —

सलाउद्दीनभाऊ, उठा तुम्ही. राहिलेला हात उद्या. नाही, आत्ता नाही — उठा म्हणते ना!