माझाराचे दोन ठिपके

आदरणीय संस्थाध्यक्ष गुलाबसिंगजी, मंचावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आमचे मारोतराव सर, आणि शेलूबाजारचा भाजीबाजार अर्धवट सोडून आलेल्या माय-मावश्यांनो,

मी तनुजा. याच कनिष्ठ महाविद्यालयात सरांकडे शिकले. तीन वर्षांपासून त्यांच्या हाताखाली इतिहास शिकवते. बोलायचा धीर नाही, म्हणून लिहून आणले आहे.

सरांनी समुद्र पाहिलेला नाही. तरीही वर्गाच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटने भूमध्य समुद्र रंगवला आणि सिसिली बेटावर माझारा हे मासेमारीचे बंदर दाखवले. तिथे फिनिशियन आले, मग ग्रीक, रोमन, अरब, नॉर्मन. आज बोटींवर ट्युनिशियाचे खलाशी आहेत. सर विचारायचे, "मंग बंदर कोनाचं?" एकदा मागच्या बाकावरून ऋषिकेश म्हणाला, "जो सकाळी जाळं टाकते त्याचं, सर! राजा का मासे धरते?" सर हसले, "बस खाली. तुले परीक्षेची गरज नाही."

अकरावीत असताना मला नकाशाच्या पुस्तकात दिसले, की माझारा बेटाच्या पश्चिमेला आहे. सरांचा ठिपका होता पूर्वेला! आठ दिवस मी ते पुस्तक पुन्हा पुन्हा उघडून पाहिले. शेवटी टेबलावर चिठ्ठी ठेवली. दुसऱ्या दिवशी सरांनी पश्चिमेला नवा ठिपका दिला, जुना तसाच.

"सर, चुकीचा पुसा ना," मी कशीबशी म्हणाले.

"काहून? वीस वर्षं पोरं तिथंच उतरली. राहू दे."

विद्यार्थी कमी, म्हणून सरांबरोबर इतिहास विषयही बंद होतो आहे. सोमवारी त्या भिंतीला चुना लागेल. विषय राहावा म्हणून मी तीन अर्ज केले. अध्यक्षमहोदय, आपण तिन्ही वाचलेत, मी आभारी आहे. चौथा लिहिण्याचे बळ, खरे सांगते, उरलेले नाही.

काल सरांना म्हटले, "सर, सारे जाईल." ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"लावू दे चुना, पोरी. ऑइलपेंटवर तो टिकते कुठं?"

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलेत, मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही चुकले असेल, तर क्षमा असावी. पुसू मात्र नये; शेजारी बरोबर ठिपका द्यावा.