फोनच्या अटकेतून सुटल्याबाबत

मी, मदन बाबगोंडा मगदूम, वय ७३ वर्षे, धंदा पूर्वी कापड दुकान, आता काही नाही, रा. बाजारपेठ, पलूस, जि. सांगली. आज रोजी मुलासोबत ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी एकटाच राहतो. पत्नी प्रभावती दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगा आर्जव शिरवळला कंपनीत नोकरीस असून कुटुंबासह तिकडेच असतो. सणाला येतो. शेजारी राहणाऱ्या मनुबाईकडून मला दुधाचा रतीब आहे.

गेल्या सोमवारी सकाळी मला व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसाच्या गणवेशातला तरुण होता. माझ्या नावच्या सिमकार्डवरून गुन्हा झाला असून मला घरातल्या घरात अटक केली आहे, असे तो म्हणाला. फोनसमोर बसायचे, उठताना विचारायचे, कोणाशी बोलायचे नाही. मी मानले. दाराला कडी घातली आणि फोन प्रभावतीच्या फोटोला टेकवून ठेवला.

येथे साहेबांनी विचारल्यावरून खुलासा करतो की, होय, ‘आरशातली चावडी’ ही कादंबरी माझीच. चाळीसएक वर्षांपूर्वी पदरमोड करून सांगलीत छापली. तीत सरकार घरोघरी एक आरसा लावते, चावडीवरचा माणूस त्यातून बघतो, आणि आरोपीला तुरुंगात न नेता त्याच्याच आरशापुढे बसवतात. तेव्हा लोक हसले. शेटजींना कापड मोजायचा गज सोडून भलतेच सुचते म्हणाले. उरलेल्या प्रतींची पाने मी साड्यांच्या घड्यांत घातली. आता तीच माणसे भाकणूक खरी झाली म्हणून पाया पडायला येतात. पुढं काय हुनार, असे विचारतात. मला त्याचा कंटाळा आला आहे.

स्वतः लिहून ठेवलेत, मग फसलात कसे, असे साहेबांनी विचारले. सांगतो. माझ्या पुस्तकातला चावडीवाला नुसता दरडावतो. तिथे माझे चुकले. हा पोरगा आधी दरडावला, मग काका म्हणू लागला. मी जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही, हे त्याने बोलता बोलता काढून घेतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाला, “काका, दिवस मावळायला आलाय, आधी जेवून घ्या.” प्रभावती गेल्यापासून हे मला कोणी म्हटले नव्हते. मी उठून भात टाकला. फोन स्वयंपाकघरात सोबत नेला. तसे त्याने सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने बँकेतल्या पैशांची चौकशी सुरू केली. तेवढ्यात मनुबाईने दार वाजवले. आदल्या दिवशी मी दार उघडले नव्हते, ती दूध घेऊन परत गेली होती. दुधाला दार उघडू का, असे मी त्याला विचारले. उघडा, पण बोलू नका, असे तो म्हणाला. मनुबाईने ते बाहेरून ऐकले होते.

“आवं शेटजी, माजं दूध घ्यायला कुनाची परवानगी काढताय?”

मी न बोलता फोनकडे बोट केले. तिने सरळ आत येऊन फोन उचलला.

“कुठल्या ठाण्याचा हाईस रं मुडद्या? माजा ल्योक मिल्ट्रीत हाय. ये की हितं, बघू तुजी अटक!”

कॉल बंद झाला. पैसे गेले नाहीत. दुधाचे भांडे खाली ठेवत ती म्हणाली, “एकटं ऱ्हाऊन असं हुतंय. भिंतीवर थाप मारायची की ओ.” मला रडू आले. तेही लिहून घ्यावे.

मनुबाईने फोन केल्यावरून आर्जव आला. तो लय घाबरला होता, म्हणून रागावला. शिरवळला चला म्हणाला, मी नाही म्हणालो. म्हणून काल त्याने बाहेरच्या खोलीत व स्वयंपाकघरात कॅमेरे बसवले. त्यांतून त्याला शिरवळहून बोलताही येते. “आप्पा, घराबाहेर पडताना सांगून पडत जा. आणि मला विचारल्याशिवाय कुणाला दार उघडू नका,” असे त्याने बजावले आहे. त्याची माया आहे, तक्रार नाही. कॅमेरे लावून तो मित्राकडे गेला होता. चालतात का ते तिथून बघत होता. दिवस मावळेपर्यंत मी कॅमेऱ्यापुढे बसून होतो. जेवा, असे कोणी म्हटले नाही.

माझी एकच विनंती आहे. मी आता कोणाच्याही अटकेत नाही, असे साहेबांनी मला तोंडी सांगितले. तेवढे ठाण्याच्या शिक्क्यानिशी लिहून द्यावे. आर्जव बाहेर बाकावर बसला आहे, त्याला दाखवायचे आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, मीही चष्मा लावून वाचला. मी बोललो तसाच उतरला आहे. सही करू का, असे कोणाला विचारलेले नाही.