तिसऱ्या बराकीची फाइल

नाही बाई, ते कपाट उघडून उपयोग नाही — तिसऱ्या बराकीची फाइल त्यात नाही. गहाळ नाही, जळाली. म्हणजे जाळली. कोणी? मीच. बसा, स्टुलाचा एक पाय लंगडा आहे, भिंतीला टेकवून बसा. तर साहेब लोकांनी आधी आपल्याला सल्लागार मंडळ दिलं, मग निवडणूक दिली, मग एका सकाळी स्वतःच्या जाण्याची तारीखच दिली — आठ आठवडे. या भिंतीवर त्यांच्या साम्राज्याचा नकाशा होता, आपला देश त्यात नखाएवढा — आणि नखाचे कागद दोन खोल्या भरून. हुकूम आला, लाल फितीचं जाळायचं, पांढऱ्या फितीचं नव्या सरकारच्या हवाली करायचं. लाल म्हणजे त्यांची लाज, पांढरी म्हणजे आपली, असं मी म्हणायचो. कोणी हसायचं नाही.

तुमच्या वडिलांच्या बराकीची फाइल पांढऱ्या फितीची होती. पाहिली ना, हातात घेऊन पाहिली. बराकीत एकोणीस कैदी, शिवलेल्या फाइलीत एकोणीस पानं, प्रत्येक पानावर तोच माफीनामा — चळवळ सोडतो म्हणून सही केली की घरी. अठरा जणांनी केली. नावं ठेवू नका, आत माणसं रक्त ओकत होती. तुमच्या वडिलांनी सहीच्या जागी 'नाही' लिहिलं होतं, इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलं. मागचं पान कोणाचं? — चहा घेता का? नको? — माझ्या दादाचं. हो, तोच, चौकातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या दगडावर पहिलं नाव आहे तो. तो सुटला, तेव्हा गाव म्हणालं शिक्षा भोगून आला. तुमच्या वडिलांना पुढं मरायला घरी सोडलं, तर गाव म्हणालं माफी मागून आला. मी दोन्ही ऐकलं. गप्प बसण्याचीच नोकरी होती, आता सवय आहे.

दादाचं तेवढं एकच पान का नाही काढलं — विचारा, मीही विचारलंय. पानांना आकडे असतात, बाई. सात आहे, नऊ आहे, मग आठ कुठंय? अख्खी फाइलच नसली तर कोणी विचारत नाही, त्या आठवड्यांत काय काय नव्हतं. म्हणून फीत बदलली. गाठीला किती वेळ लागतो. दुपारी मागच्या अंगणात शिपायानं काठीनं ढवळलं. मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल. भूक लागली होती — डबा खाल्ला.

लिहून देऊ? हे, आत्ता बोललो ते? दादा गेला, पण वहिनी आहे. दूर पडतं तरी रोज त्या दगडावरूनच भाजीला जाते. तो कोरा कागद आत ठेवा. कोऱ्या जागेपुढं बसायला छाती लागते, ती आमच्या घरात नव्हती — जाऊ द्या. पाच वाजले, कुलूप लावायचंय. जाताना या वहीत नोंद करा, सगळेच करतात — 'कागद आढळला नाही, तक्रार नाही', छापलेलंच आहे, खाली सही फक्त. हं, तिथंच. — हे काय लिहिलंत? सहीच्या जागी? अहो, इतकं दाबून नका लिहू, मागच्या पानावर —